भाच्याच्या शिबिराविषयी

गोसीखुर्द, ता. पवनी, जि. भंडारा
10 एप्रिल

प्रिय ताई,



तू आडपडदा न ठेवता विचारलंस, मीही तसंच सांगतो. भाच्याला मित्राच्या चर्चच्या युवा शिबिराला मे महिन्यात जाऊ दे. भाऊजींचा नकार मला समजतो, पण पटत नाही. मात्र फॉर्मवर सही करण्याआधी शिबिर घेणाऱ्या पाळकांकडून एक गोष्ट कबूल करून घे. पोराला हवं ते शिकवा, गाणी म्हणायला लावा, बायबल वाचायला द्या; पण शिबिर चालू असताना त्याच्याकडून श्रद्धेचा निर्णय मागू नका. या एका अटीवर माझं सगळं म्हणणं उभं आहे, म्हणून पत्र लांबणार.

आधी तिथे काय चालतं ते नीट पाहू, कारण भाऊजींच्या डोळ्यांसमोरचं चित्र बरंचसं ऐकीव आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना जमवून बायबल शिकवण्याची ही पद्धत 1898 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये, गल्लीत उनाडणाऱ्या गरीब पोरांसाठी सुरू झाली. आज आपल्याकडेही एप्रिल-मेमध्ये अनेक मंडळ्या ‘व्हीबीएस’, म्हणजे व्हेकेशन बायबल स्कूल, घेतात: लहानांना हातवारे करून म्हणायची गाणी, गोष्ट, पाठ करायचं वचन, कागदकाम, खाऊ, आणि शेवटच्या दिवशी आईबापांसमोर कार्यक्रम. त्यापेक्षा मोठ्यांचं शिबिर निवासी असतं. सकाळी ‘शांत समय’, म्हणजे एकट्याने बसून वाचायचं. मग गट करून अभ्यास, दुपारी खेळ आणि भांडी घासायच्या पाळ्या, रात्री गिटार-ढोलकीवर गाणी आणि कुणाची तरी ‘साक्ष’, म्हणजे स्वतःच्या श्रद्धेचा अनुभव सांगणं. यात वावगं काय आहे? सोळाव्या वर्षी पोराने मोबाइल बाजूला ठेवून अर्धा तास एक पुस्तक वाचावं आणि शंभर जणांची ताटं घासावीत, यासाठी आपण वेगळे पैसे मोजले असते. इकडे त्याच्या वयाची पोरं याच महिन्यात पहाटे तेंदूपत्ता तोडायला जातात. शिबिराला जाऊ की नको हा प्रश्न पडणं हीसुद्धा चैनच आहे, असो.

माझा आक्षेप शेवटच्या रात्रीला आहे. सगळ्या मंडळ्या हे करत नाहीत, पण अनेक ठिकाणी त्या रात्री ‘आवाहन’ असतं. दिवे मंद होतात, एकच कडवं सावकाश परत परत म्हटलं जातं, सगळ्यांना डोळे मिटायला सांगतात आणि ज्याने आपलं आयुष्य ख्रिस्ताला द्यायचं ठरवलं त्याने हात वर करावा किंवा पुढे यावं, असं सांगितलं जातं. पोरं थकलेली असतात, चार दिवसांत जिवाभावाचे झालेले मित्र उद्या पांगणार असतात, शेजारच्याचा हुंदका ऐकू येत असतो. एडविन स्टारबक या अमेरिकन अभ्यासकाने 1899 मध्येच माणसांच्या धार्मिक परिवर्तनाची माहिती गोळा करून दाखवलं होतं की अशा एकाएकी होणाऱ्या परिवर्तनांची गर्दी पौगंडावस्थेत, सोळा वर्षांच्या आगेमागेच असते. विल्यम जेम्सने पुढे आपल्या ग्रंथात त्याचाच आधार घेतला. म्हणजे त्या वयात हात वर होण्यात वक्त्याच्या वाणीइतकाच वयाचाही वाटा असतो. त्या रात्रीचे अश्रू मी खोटे म्हणत नाही, पण अश्रू खरे म्हणून निर्णयही पिकलेला असतो असं नाही. आपल्या धरणग्रस्त गावांत एकरकमी रोख मोबदला हातात पडलेल्यांचं पुढे काय झालं हे तुला मी सांगायला नको. तेव्हाही सही खरीच होती.

भाऊजी म्हणतील, म्हणूनच पाठवायला नको. या भीतीला महाराष्ट्रात जुना इतिहास आहे आणि तो भाऊजींना वाटतो तितका एकतर्फी नाही. 1839 च्या मे महिन्यात मुंबईत जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. धनजीभाई तेव्हा भाच्याच्याच वयाचा, सोळा-सतरा वर्षांचा. पारशी समाज खवळला, प्रकरण मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि मुलगा समजत्या वयाचा आहे, त्याने हवं तिकडे जावं, असं कोर्टाने ठरवलं. पालकांनी पोरं शाळेतून काढून घेतली. चार वर्षांनी नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचं प्रकरण झालं. तो ख्रिस्ती झाला आणि तसाच राहिला. पण त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अज्ञान होता, म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिलं. मग श्रीपतला परत जातीत घ्यायचं की नाही यावरून ब्रह्मवृंदात रण पेटलं. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला घ्यावं म्हणून उभे राहिले आणि सनातन्यांच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या. या दोन खटल्यांत मला एक गोष्ट खटकते. मिशनरी, पारशी पंचायत, शास्त्री, न्यायाधीश, सगळे मुलगा कुणाच्या ताब्यात असावा यावर भांडले. त्याला विचार करायला निवांत वेळ आणि दोन्ही बाजूंची पुस्तकं द्यावीत, असं म्हणणारा माणूस त्या गोंगाटात सापडत नाही. पालकांनी शाळा ओस पाडल्या, त्यानेही मुलांच्या मनातले प्रश्न मिटले नाहीत. उलट त्या प्रश्नांना घरात जागा नाही एवढं त्यांना कळलं. तुझ्या घरातही नकाराने तेवढंच होईल.

उलट, ज्यांची श्रद्धा मराठी मुलखात टिकली आणि फळाला आली त्यांनी किती वेळ घेतला ते बघ. नारायण वामन टिळकांना राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने बायबल दिलं. ती वाट आपल्या भंडारा रोड स्टेशनवरूनच जाते. पण बाप्तिस्मा घेतला तो 10 फेब्रुवारी 1895 ला, मधली सुमारे दोन वर्षं वाचन, पत्रव्यवहार आणि वाद यांत घालवून. तेव्हा टिळक तिशी ओलांडलेले होते. लक्ष्मीबाईंनी त्यानंतर आणखी पाच वर्षं घेतली. नवऱ्याने केलं म्हणून त्यांनी केलं नाही. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या आणि पुढे स्वतःच लिहून गेल्या की धर्म मिळाला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं लागली. एवढी शहाणी, संस्कृतची पंडित बाई, आणि तिला आठ वर्षं!

याच रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात 1905 च्या पावसाळ्यात जे घडलं ते मात्र माझ्या म्हणण्याविरुद्ध पुरावा म्हणून कुणीही पुढे करील. दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली, त्यांतल्या कितीतरी भाच्याच्या वयाच्या, रात्रंदिवस मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या. त्याची बातमी जगभर गेली. रमाबाईंनी हे थांबवलं नाही, उलट त्याची बाजू घेतली. मग तरुणपणीची ती धग वाईट कशी? वाईट नाहीच. पण त्या मुली चार दिवसांच्या पाहुण्या नव्हत्या; त्या तिथेच राहत होत्या आणि भर ओसरल्यावर काय उरतं ते पाहायला रमाबाई तिथेच होत्या. मुलींना त्यांनी शाळेत बसवलं, मागावर बसवलं, छापखान्यात उभं केलं. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच मुक्तीतल्या बायकांनी खिळा खिळा जुळवून छापलं. शिबिरात शेवटच्या रात्री आवाहन होतं आणि सकाळी बस निघते. ज्याने निर्णय मागितला तो घरी परतल्यावर पोराच्या शेजारी नसतो, तू असतेस.

आता आपल्या घरचा आक्षेप, आणि तो सगळ्यांत टोकदार आहे. चर्चला नावं ठेवताना आपण दीक्षाभूमी विसरायची का? 14 ऑक्टोबर 1956 ला लाखो माणसं एका दिवसात बौद्ध झाली. खांद्यावरची पोरंसुद्धा झाली. तो निर्णय गर्दीतला नव्हता का? होता. पण बाबासाहेबांनी येवल्याला 13 ऑक्टोबर 1935 ला घोषणा केली आणि नागपूरला दीक्षा घेतली, यांच्यामध्ये एकवीस वर्षं आहेत. मधल्या काळात शीख धर्माची चाचपणी झाली, ख्रिस्ती आणि मुसलमान पुढाऱ्यांची आमंत्रणं आली, 1936 च्या मुंबईच्या परिषदेत समाजापुढे हिशेब मांडला गेला. ज्या भंडाऱ्याने 1954 च्या पोटनिवडणुकीत त्यांना पाडलं, त्या भंडाऱ्यातली माणसंही ती चर्चा ऐकत मोठी झाली होती. शिवाय पोरं आईबापांच्या खांद्यावर होती, त्यांच्यापासून लांब नव्हती. तरीही एवढं कबूल करावंच लागेल की भाच्याने बौद्ध धम्म निवडलेला नाही. तो त्याला आपल्याकडून मिळाला, जसा शेजारच्याला त्याचा मिळाला. बुद्धाने कालामांना सांगितलं ते आपण विहारात दर पौर्णिमेला ऐकतो: परंपरा आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. हे पोराला ऐकवायचं आणि दुसरं काही ऐकायची वेळ आली की दार लावायचं, हे दुटप्पी आहे.

आणि आपल्याकडची श्रामणेर शिबिरं तर तुला माहीत आहेत. मुंडन करतात, चीवर देतात, दहा दिवस शीलं पाळायला लावतात, आणि दहाव्या दिवशी चीवर परत घेऊन पोराला घरी पाठवतात. यातला शेवटचा भाग मला फार मोलाचा वाटतो. व्रताला मुदत आहे आणि परत येणं हा त्या व्रताचाच भाग आहे. परत आलेल्याला कुणी नापास म्हणत नाही. गुरुदेव सेवा मंडळाची सुसंस्कार शिबिरं असोत की बाबा आमट्यांनी सोमनाथला सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी, पोरं आठवडाभर राहून घाम गाळून परततात, पुढचं त्यांचं ते ठरवतात. आपल्या लोकांची सगळीच शिबिरं अशी निर्मळ असतात असं मी म्हणणार नाही. काहींत शेवटच्या दिवशी शपथा असतात आणि त्या शपथांना मुदत नसते. तिथेही मी हीच अट घातली असती.

भाऊजी नियोगी समितीचं नाव काढतील, विदर्भात ते निघतंच. आपण जुन्या मध्य प्रदेशात होतो तेव्हा 1954 मध्ये नेमलेल्या त्या समितीने 1956 मध्ये मिशनऱ्यांच्या कामावर कडक अहवाल दिला. पण अध्यक्ष भवानीशंकर नियोगी हे नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती, आणि त्याच वर्षी त्यांनी बाबासाहेबांबरोबर नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला, हे भाऊजींना सांग. मिशनऱ्यांच्या पद्धतींवर कोरडे ओढणाऱ्या माणसाला धर्म बदलणं मुळातच पाप वाटत नव्हतं. पिकल्या वयाच्या न्यायाधीशाने स्वतः विचार करून ते केलं. माझा मुद्दाही तेवढाच आहे.

उरले पाळक. ते म्हणू शकतील की सुवार्ता सांगणं हे आमचं कर्तव्य आहे, निर्णय मागू नका म्हणजे आमच्या श्रद्धेचं अर्धं काम सोडा. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने त्यांना प्रचाराचा हक्क दिला आहे. पण 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की आपल्या धर्माची शिकवण सांगण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. 28 व्या कलमानुसार सरकारमान्य शाळेतसुद्धा अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. चर्चचं शिबिर म्हणजे शाळा नव्हे, हे खरं. पण सुजाण पाळकाला यातलं शहाणपण कळेल. त्यांनी साक्ष द्यावी, येशू कोण हे मन भरून सांगावं, भाच्याचे प्रश्न ऐकावेत. हात वर करायला सांगू नये, एवढंच. ज्या श्रद्धेला दोन वर्षं थांबायला हरकत नाही ती अठराव्या वर्षीही तिथेच असेल.

पाळकांनी अट मान्य केली नाही तर पाठवू नकोस, आणि नकाराचं कारण पोराला खरं ते सांग. ‘ख्रिस्ती लोक असेच’ असलं काही बोलू नकोस. मान्य केली तर झोपण्याची व्यवस्था काय, मुलांसोबत मोठं माणूस कोण, घरी फोन कधी करता येईल, हेही विचारून घे. कुठल्याही शिबिराबाबत हे विचारावंच. भाच्याला मात्र आधीच काही पढवून पाठवू नकोस. तो आला की पहिल्याच रात्री उलटतपासणी नको. त्याने बायबल आणलं तर ते धम्माच्या पुस्तकांशेजारी ठेवायला फळीवर जागा कर. तिथे काय वाचलं हे तो स्वतःहून सांगू लागला तर ऐक, मध्ये बोलू नकोस.

हे पत्र भाऊजींना वाचायला दे. त्यांचा राग येणार असेल तर तो माझ्यावर येऊ दे. फॉर्मची मुदत जवळ असेल, तेव्हा भीमजयंतीच्या गडबडीत विसरू नकोस. पाळकांना उद्याच फोन कर.

तुझा भाऊ