खाड्यांची वही

कोल्हापूरच्या दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याभोवती नजर फिरवली की बोर्डिंगं दिसतात. दिगंबर जैन, लिंगायत, मुस्लिम. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, १९२० साली प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग. खेड्यातल्या पोरांना शहरात टेकायला जागा मिळाली म्हणून बहुजन समाज शिकला, हे आपण अभिमानानं सांगतो आणि ते खरंच आहे. पण या इमारतींनी आणखी एक गोष्ट शिकवली आणि तिची नोंद फारशी कुणी ठेवली नाही. घरात आईनं वाढलेलं ताट पुढ्यात ओढणारा पोरगा इथं आला आणि पन्नास-साठ जणांच्या ताटाचा हिशेब त्याच्या हातात आला.

मीही त्यातलाच. एका वसतिगृहात मला मेस सेक्रेटरी केलं, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. सेक्रेटरीकडं दोन गोष्टी असत, कोठीची किल्ली आणि खाड्यांची वही. लक्ष्मीपुरीत जाऊन ज्वारी-तांदूळ बघायचे, कपिलतीर्थ मंडईत भाजीचा भाव करायचा, गॅस संपायच्या आत सिलिंडर सांगायचा आणि भाकऱ्या करणाऱ्या मावशींना बरं नसलं तर रात्रीच्या जेवणाचं काय, हे दुपारीच ठरवायचं. महिन्याच्या शेवटी एकूण खर्चाला जेवणांनी भागायचं. कोण किती वेळा जेवला नाही ते खाड्यांच्या वहीत. आदल्या संध्याकाळी सांगितलं तरच खाडा धरायचा, असा नियम होता.

माझा खोलीतला दोस्त न सांगता गावी गेला, जत्रा करून आला आणि म्हणाला, "लिही की रं खाडा. कुणाला कळतंय?" मी लिहिला नाही. तो बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याच्या वाटणीचं धान्य शिजलं होतं, त्याचे पैसे बाकीच्यांनी का भरायचे, एवढंच मला दिसत होतं. मैत्री आणि हिशेब एकाच खोलीत राहतात तेव्हा काय होतं, हे वर्गात कुणी शिकवलं नसतं.

याहून अवघड वेळ पुढं आली. एका मुलाच्या घरी उसाचं बिल आलं नव्हतं. कारखान्याचं बिल जमा झालं की मेसचे पैसे भरायचे, असा आमच्यातल्या निम्म्यांचा रिवाज होता. पण याचं दोन महिने तुंबलं आणि थकबाकीदाराचं जेवण बंद, असा ठराव आम्हीच केलेला. त्याला उपाशी ठेवणं मला मान्य नव्हतं, नियम मोडणंही मान्य नव्हतं आणि त्याचं नाव सभेत घेणं तर त्याहून नव्हतं. शेवटी सभेत मी थकबाकीचा विषय काढलाच नाही. राखीव निधीचा काढला. दर महिन्याला प्रत्येकानं थोडे जादा द्यायचे, ज्याच्या घरचे पैसे लांबतील त्याच्या नावावर ते उसने पडायचे, नाव फक्त सेक्रेटरी आणि रेक्टर यांना माहीत. वाद झाला. "आमच्या घरी काय पैशाचं झाड आहे?" असंही कुणी विचारलं. रात्री उशिरा हात वर झाले. तो मुलगा जेवत राहिला आणि बिल आल्यावर त्यानं पै न् पै भरली. आपण कुणाच्या पोटासाठी बोलतोय हे न सांगता चाळीस डोकी एका बाजूला आणणं, हे काम मला तेव्हा पहिल्यांदा जमलं. पुढं नोकरीत, संस्थेत, गावकीत जे काही थोडंफार करता आलं त्याची मुळं त्या सभेत आहेत, असं मला मनापासून वाटतं.

कुंभोजचे भाऊराव पाटील याच शहरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परत आल्यावर आंघोळ करूनच आत यायला सांगितलं गेलं, त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं, असं त्यांच्या चरित्रांत येतं. या प्रसंगातलं धाडस सगळ्यांना दिसतं. मला त्यापुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. रागावून बाहेर पडलेला हा विद्यार्थी बोर्डिंगवरच नाराज झाला नाही. १९१९ साली काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात स्वतःचं बोर्डिंग उघडलं. तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत आणि अंगमेहनतीची कामं स्वतः करत. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. पंगत कशी चालते आणि ती कुठं मोडते हे भाऊरावांनी आत राहून पाहिलं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला असं बोर्डिंग घडवता आलं असतं असं मला वाटत नाही.

मेसची सभा मिळाली, पण आमच्या पिढीला कॉलेजची निवडणूक मिळाली नाही. मुंबईत १९८९ साली निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि १९९४च्या विद्यापीठ कायद्यानं खुलं मतदान थांबवलं. वर्गात पहिला येईल तो प्रतिनिधी. त्या हत्येचं दुःख खोटं नव्हतं, पण उपाय चुकीचा होता. गुणपत्रिकेनं नेमलेल्या मुलाला कुणाकडं मत मागावं लागत नाही, म्हणून कुणाचं ऐकावंही लागत नाही. २०१६च्या कायद्यानं मतदान परत आणलं ते कागदावर. २०१९ साली जाहीर झालेल्या निवडणुका पुढं ढकलल्या गेल्या. अठराव्या वर्षी आमदार निवडायचा अधिकार असलेल्या मुलामुलींना कॉलेजचा जी.एस., म्हणजे जनरल सेक्रेटरी, निवडता येऊ नये, हे मला फार लागतं.

त्याच २०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पूरग्रस्तांच्या एका छावणीत मी जात होतो. मदतीचे ट्रक येत होते, बिस्किटांचे ढीग लागत होते आणि कुणाला काय हवंय याचा पत्ता नव्हता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी वही घेऊन एकेका कुटुंबाजवळ बसली. रक्तदाबाची गोळी कुणाची बुडाली, तान्हं मूल कुणाचं, पाळीचे पॅड किती लागतील. संध्याकाळी तिनं यादी भिंतीला लावली आणि दुसऱ्या दिवसापासून ट्रकवाले आधी भिंत वाचायला लागले. तिला कुणी प्रमुख नेमलं नव्हतं. आदल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात ती स्वयंपाकगटात होती, एवढं मला नंतर कळलं. ऐकून नवल वाटलं नाही.

आता बहुतेक वसतिगृहांच्या मेस ठेकेदाराकडं गेल्यात. मुलं पैसे भरतात, जेवण वाईट असलं तर तक्रार करतात. अभ्यासाला वेळ मिळतो हे खरं, पण हिशेबाची वही हातातून गेली. तिच्या जागी 'व्यक्तिमत्त्व विकास' आणि 'नेतृत्व गुण' अशा नावांच्या कार्यशाळा आल्या. मुलं त्यांना प्रमाणपत्रासाठी येतात. मुलांना मी दोष देत नाही, नोकरीच्या रांगेत तो कागद लागतो. पण दुपारच्या व्याख्यानात कुणाला खाडा नाकारावा लागत नाही.

म्हणून माझ्या माहितीतल्या एका मुलींच्या वसतिगृहात यंदा जे घडलं त्याचा मला आनंद आहे. मुलींनी रेक्टर मॅडमना विनंती करून मेस परत स्वतःकडं घेतली. पहिल्या महिन्याचा हिशेब पै-पैशासकट फळ्यावर लागला. दुसऱ्या सभेत मेसचे विषय लवकर संपले, तेव्हा एकीनं विचारलं, ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडं असतं, मग आपलं फाटक सातला का बंद होतं? मॅडमनी लेखी अर्ज मागितलाय. तो लिहून झालाय, सह्या गोळा होतायत. ज्या पालकांना काळजी वाटते त्यांना फोन कुणी करायचे, याची वाटणीही मुलींनी करून टाकली आहे.