मात्सुमोतो : जेथे मुले ऐकता ऐकता व्हायोलिन शिकली

टोकियोच्या शिंजुकू स्थानकावरून 'अझुसा' नावाची जलद गाडी निघते आणि सुमारे अडीच-पावणेतीन तासांत मात्सुमोतोस पोचते. वाटेत कोफूच्या खोऱ्यातील द्राक्षांचे मळे लागतात, पुढे सुवा सरोवराचे पाणी चमकते, आणि मग दोन्ही अंगांचे डोंगर हळूहळू जवळ येऊ लागतात. नागानो प्रांतातील हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या सपाटीवर वसले आहे. प्रवासी येथे बहुधा काळा किल्ला पाहण्यास येतात. बाहेरून पाच मजली आणि आतून सहा मजली असा हा लाकडी किल्ला सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. काळ्या भिंतींमुळे लोक त्यास कावळ्याचा किल्ला म्हणतात. आम्हीही पादत्राणे पिशवीत घेऊन त्याचे उभे जिने चढलो. परंतु आमचे येणे झाले होते ते दुसऱ्याच कारणाने.

आमच्या धर्मग्रामातील काही मुले व्हायोलिन शिकू लागली आहेत. शिक्षक आठवड्यातून एकदा येतात. उरलेले सहा दिवस मूल आणि वाद्य घरात एकमेकांकडे पाहत असतात. "आम्हांस स्वर वाचता येत नाहीत, मग मुलाकडून सराव करून घ्यावा तरी कसा?" असे आईबाप विचारतात. आणि थोड्या महिन्यांनी, "आमच्या मुलाला ती देणगीच नाही हो," असे म्हणून व्हायोलिन खुंटीवर टांगून ठेवतात. ज्या गृहस्थांनी हे वाक्य खोटे ठरविण्यात आपले सारे आयुष्य वेचले, ते शिनिची सुझुकी या मात्सुमोतोचे. म्हणून ही वाट धरली.

कॅथलिक वाचकांस ठाऊक नसेल, पण सुझुकी हे आपल्याच श्रद्धेचे होते. त्यांचा जन्म १८९८ साली नागोया येथे झाला. वडिलांचा व्हायोलिनांचा मोठा कारखाना होता. तरी मुलांच्या लेखी ती लाकडी खोकी म्हणजे केवळ खेळणी! सतरा वर्षांच्या सुमारास घरच्या ग्रामोफोनवर मिशा एल्मन यांनी वाजविलेली शूबर्टची 'आवे मारिया' त्यांच्या कानी पडली, आणि त्या खेळण्यातून असा स्वर निघू शकतो हे पाहून ते थक्क झाले. कारखान्यातून एक व्हायोलिन आणून तबकडी ऐकत ते स्वतःच वाजवू लागले. पुढे १९२१ साली ते बर्लिनला गेले, कार्ल क्लिंगलर यांच्याकडे शिकले, तेथेच वाल्ट्राउड प्रांगे या कॅथलिक तरुणीशी १९२८ साली त्यांचा विवाह झाला, आणि त्या निमित्ताने त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला. पवित्र मरीयेच्या गीताने ज्यांस संगीताची हाक दिली, ते अखेर तिच्याच घरी आले, असे आम्हांस वाटल्यावाचून राहिले नाही.

युद्धाने जपान उद्ध्वस्त झाला होता, तेव्हा १९४६ साली मात्सुमोतोत एक लहानशी संगीतशाळा निघाली व सुझुकी तेथे शिकवू लागले. २६ जानेवारी १९९८ रोजी, वयाच्या ९९व्या वर्षी, याच शहरी त्यांनी देह ठेवला. त्यांचे राहते घर आज स्मृतिभवन म्हणून जपले आहे. घर साधेच. एवढ्या कीर्तीच्या माणसाचे घर याहून मोठे असेल अशी आमची समजूत होती.

शहरात ख्रिस्तसभेच्याही जुन्या खुणा आहेत. किल्ल्याच्या उत्तरेस, १८७६ साली बांधलेल्या काइची शाळेच्या शेजारी, फ्रेंच मिशनरी फादर क्लेमाँ यांनी १८८९ साली उभारलेले धर्मगुरूंचे निवासस्थान आणून ठेवले आहे. रविवारची मिस्सा आम्ही किल्ल्याजवळच्या चर्चमध्ये ऐकली, आणि तेथेच भेटलेल्या एका सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी दुभाषी होण्याचे मान्य केले.

सुझुकींचा मूळ विचार इतका सोपा आहे की तो ऐकून माणूस प्रथम हसतो. जपानातील सारी मुले जपानी बोलतात! हा त्यांचा शोध. चारपाच वर्षांचे पोर एवढी अवघड भाषा बिनचूक बोलते, तेव्हा त्याला देणगी नाही असे कोण म्हणेल? भाषा त्यास कशी आली? आईच्या तोंडून दिवसरात्र ऐकून, हजारदा तोच शब्द उच्चारून, आणि चुकले तरी घरच्यांनी कौतुकच केले म्हणून. व्हायोलिनही त्याच वाटेने शिकवावे. या रीतीस त्यांनी मातृभाषेची पद्धती म्हटले.

आम्हांस याचा दाखला शोधण्यास जपानला जाण्याची गरज नव्हती, असे आता वाटते. आपल्या घरी संध्याकाळी जपमाळ होते. तीन वर्षांचे मूल आजीच्या मांडीवर अर्धवट झोपेत असते. त्यास कोणी प्रार्थनेचे व्याकरण शिकवीत नाही, परीक्षा घेत नाही. तरी एके दिवशी ते सगळ्यांबरोबर ती प्रार्थना म्हणू लागते, आणि ज्या घरात जपमाळ होत नाही तेथील मूल म्हणत नाही. येथे देणगीचा प्रश्न येतोच कोठे?

सिस्टरांच्या मध्यस्थीने एक धडा पाहण्यास मिळाला. चार वर्षांची मुलगी, हातात वीतभर वाटावे असे व्हायोलिन. गुरू आणि शिष्या दोघेही प्रथम एकमेकांस वाकून नमस्कार करतात. धडा संपतानाही तसेच. मुलीच्या पायांखाली एक कागद, त्यावर तिच्याच पावलांची रेखाकृती, म्हणजे कोठे उभे राहावे ते निराळे सांगावे लागत नाही. त्या दिवशी शिक्षिकेने एकच गोष्ट शिकविली : गज धरताना अंगठा वाकलेला असावा. बस्स. आई कोपऱ्यात बसून वहीत टिपून घेत होती. पुढल्या पाळीचे मूल आणि त्याची आई मागे बसून पाहत होती. दुसऱ्याचा धडा पाहणे हाही शिक्षणाचाच भाग.

धडा झाल्यावर आम्ही त्या माउलीस विचारले, "आपणांस पूर्वीपासून व्हायोलिन येत होते काय?"

सिस्टरांनी उत्तर मराठीत नव्हे, पण आम्हांस कळेल अशा इंग्रजीत सांगितले. "मुळीच नाही. मुलीच्या आधी मी शिकले. एकच गाणे. घरी मी वाजवीत असे आणि ही पाहत असे. मग तिने माझ्या हातातून व्हायोलिन ओढून घेतले."

हीच सुझुकींची युक्ती होती. मुलास प्रथम शिकवायचेच नाही. आईने किंवा बापाने मुलाच्याच मापाच्या वाद्यावर पहिले गाणे शिकावे, आणि मुलास ते हवेसे वाटेपर्यंत थांबावे. मागितल्यावर दिलेली वस्तू मूल जपते. आपल्याकडे नेमके उलटे होते : मुलाच्या हाती वाद्य देऊन आईबाप दूरदर्शनसंचासमोर बसतात आणि तेथूनच "वाजव, वाजव" म्हणून ओरडतात.

"आणि ऐकणे?" आम्ही विचारले.

"न्याहारीच्या वेळी ध्वनिमुद्रण लावते. मी तिला 'आता ऐक' असे कधीच म्हणत नाही. ती खेळत असते, भात जेवत असते. घरात गाणे चालू असते एवढेच."

या दोन वाक्यांत सारी गोम आहे. सुझुकींच्या व्हायोलिनच्या पाठमालेचे दहा भाग आहेत, आणि प्रत्येकाबरोबर त्यातील गाण्यांचे ध्वनिमुद्रण मिळते. पूर्वी त्यास ग्रामोफोन लागे. आज खेड्यातही जवळजवळ प्रत्येक घरी जो मोबाइल असतो तोच पुरतो. पहिल्या तीन भागांचे एक सुंदर ध्वनिमुद्रण हिलरी हान या नामवंत अमेरिकन कलावतीने केले असून ते २०२० साली प्रसिद्ध झाले. त्या स्वतःही चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यावर याच पद्धतीने शिकू लागल्या होत्या. मोबाइल फळीवर पालथा ठेवावा, आवाज बेताचा असावा, आणि चित्रफीत मुळीच दाखवू नये. डोळे गुंतले की कान झोपतो. जे गाणे शिकणे चालू आहे ते, आणि त्यापुढची तीनचार, रोज वाजावीत. बोटांची पाळी येईल तेव्हा ते सूर मुलाच्या ओठांवर आधीच असतील.

पहिले गाणे म्हणजे 'ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार'ची चाल, जी मुळात जुनी फ्रेंच चाल आहे. सुझुकींनी तिच्यावर निरनिराळ्या लयींची रूपे रचली; त्यांतच गजाचे बहुतेक सारे प्राथमिक काम येऊन जाते. पहिल्या भागातील पाचव्या गाण्याशी आम्ही जरा थबकलो. ते नाताळचे गीत आहे, बाळ येशूकडे मुलांस बोलाविणारे. त्याची चाल शुल्त्स यांची आणि मूळ जर्मन शब्द क्रिस्टोफ फॉन श्मिड या कॅथलिक धर्मगुरूंचे. म्हणजे जूनमध्ये आरंभ करणाऱ्या मुलास मनापासून सराव केल्यास, या नाही तर पुढल्या नाताळात गव्हाणीपुढे वाजविण्यास गीत तयार!

सरावाविषयी सुझुकी विनोदाने सांगत की ज्या दिवशी जेवाल त्याच दिवशी सराव करा. पण तीन वर्षांच्या मुलास अर्धा तास उभे करणे म्हणजे छळ. दोन-तीन मिनिटे, दिवसातून चारपाच वेळा, हे त्यास झेपते. आणि शिकलेले गाणे टाकून द्यायचे नाही, ही आणखी एक गोष्ट. आपण धडा झाला की पान उलटतो. येथे जुनी गाणी रोज वाजतात, कारण नवा गुण जुन्या, सोप्या गाण्यातच अंगी मुरतो. आपण रोज नवे शब्द बोलत नाही. तेच शब्द अधिक चांगले बोलू लागतो.

१९६१ च्या एप्रिलमध्ये टोकियोच्या सभागृहात सुमारे चारशे मुलांनी असे एकत्र वाजविलेले थोर चेलोवादक पाब्लो कासाल्स यांनी ऐकले आणि त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. त्या कथेहून आम्हांस दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. देशभरातील मुले आपल्या वादनाच्या ध्वनिफिती परीक्षणासाठी मात्सुमोतोस पाठवीत. सुझुकी पहाटे, शहर झोपेत असताना उठून त्या ऐकत आणि प्रत्येकीवर आपला अभिप्राय बोलून नोंदवीत. मुलांस ऐका म्हणणारा हा माणूस स्वतः म्हातारपणापर्यंत मुलांचे ऐकत राहिला.

सुझुकींचे सारेच आम्ही जसेच्या तसे उचलावे असे नाही. या पद्धतीत स्वरलेखन वाचणे उशिरा येते, असा आक्षेप जुना आहे. गोमंतकातील धर्मग्रामांच्या शाळांत याच्या नेमके विरुद्ध होते : मेस्त आधी सोल्फेज घोकून घेत, आणि मगच रेबेक हाती देत. त्या शिस्तीतून पिढ्यान्‌पिढ्या वादक निपजले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, जे पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात नावाजले, त्यांचे वडीलच गावच्या चर्चमध्ये गायनवृंदाचे मास्तर होते. म्हणजे त्या मुलाच्या कानांवर घरीच काय पडत असेल ते सांगणे नको. मेस्तांची ती पद्धती ज्या घरांत फळली ती घरे बहुधा आधीच सुरांनी भरलेली होती. आज ती तशी उरली नाहीत. म्हणून वाचन मास्तरांकडे राहू द्यावे, आणि ऐकण्याचे काम घराने परत घ्यावे, असे आमचे मत झाले आहे. आई कामावर जात असेल तर आजी आहे; पहिले गाणे आजीने शिकले तर बिघडते कोठे?

मापाविषयी आम्हांस पुष्कळ माता विचारतात. मुलाने डावा हात खांद्यापासून सरळ लांब करावा. हनुवटीखाली धरलेल्या व्हायोलिनचे टोक त्याच्या तळहातात सहज यावे. सोळाव्या हिश्शाच्या मापापासून वाद्ये मिळतात. शाळेचा गणवेश आपण 'पुढे होईल' म्हणून मोठा शिवतो, तसे येथे करू नये. मान आणि मनगट दोन्ही बिघडतात. अगदी लहानग्यांस पहिले काही आठवडे खोक्याला पट्टी चिकटवून केलेले मुके व्हायोलिनच द्यावे, उभे राहणे व धरणे तेवढ्यात जमते. आमच्या सुतारमामांनी अशी चार करून दिली आहेत. नव्या वर्गाची मापे पाऊस सरल्यावर घेऊ. ध्वनिमुद्रण मात्र आजपासून लावण्यास हरकत नाही.