तानसेकाठचा चढ

अकलोलीत आमचं शेत तानसा नदीच्या अंगाला, खोलात आहे. शेतातून रस्त्याला लागेपर्यंत एकच चढ, पण पावसाळ्यात तो गाडीचा घाम काढतो. जुनी गाडी मध्येच थांबली की बाबा चाकामागे दगड लावायला धावायचे. नवी पिकअप घ्यायची ठरली, तेव्हा माझ्या डोक्यात तो चढच होता.

निवड दोनांतच होती. बोलेरो पिकअपचं चार सिलिंडरचं 2523 सीसी इंजिन, नाहीतर दोस्तचं तीन सिलिंडरचं 1478 सीसी. कागदावर बघितलं तर टॉर्क जवळपास सारखाच, दोनशे न्यूटन मीटरच्या आसपास. मग मोठ्या इंजिनाला जास्त डिझेल का पाजायचं? चुलतभावाची दोस्त माझ्या ओळखीच्या बोलेरोपेक्षा लिटरमागे दोन-तीन किलोमीटर जास्त देते. रोज कल्याण मार्केटला काकडी न्यायची म्हणजे हा फरक वर्षभरात चांगलाच जाणवणार.

शोरूमची ट्रायल रिकाम्या गाडीची, तीही सपाट डांबरावर. तिच्यावरून काय कळणार? म्हणून चुलतभावाची दोस्त आणि गणेशपुरीच्या मित्राची बोलेरो, दोन्ही एकाच दिवशी शेतात आणल्या. दोन्हींत आळीपाळीने भाताची तीच चोवीस पोती भरली, 50 किलोची एकेक, म्हणजे 1200 किलो. मधल्या वळणावर मुद्दाम थांबलो, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला.

दोस्त चढली, पण आधी रेस वाढवावी लागली. टर्बोने हवा भरली तशी तिने ओढ धरली. बोलेरोचा क्लच नुसता सोडत आणला, तशी ती रेस न देताच हलली. दोष कुठल्याच इंजिनाचा नव्हता. कागदावरचा टॉर्क टर्बो जोरात असतानाचा असतो. चाक जागचं हलवायच्या क्षणी टर्बो अजून जागा झालेला नसतो, तिथे इंजिनाचा स्वतःचा आकारच कामाला येतो. हे मी वाचून होतो, पण त्या दिवशी ते पायाच्या तळव्याला कळलं. हायवेवर गोदामांचा माल वाहणाऱ्याला मी आजही छोटं इंजिनच सांगेन.

अंबाडी नाक्यावरच्या मेकॅनिकने आणखी एक गोष्ट बजावली. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर आला. ती काजळी जळायला गरम धूर लागतो. "गावातल्या गावात फिरवशील तर फिल्टर तुंबेल," तो म्हणाला. कल्याणची फेरी रोजची असल्याने ती काळजी मिटली.

बोलेरो घेतली. पहिल्या पावसात पहाटे तीनला काकडीचे क्रेट भरून निघालो. सवयीने बाबा दगड घेऊन वळणावर उभे होते. मी तिथेच थांबलो, क्लच सोडला, गाडी वर गेली. आरशात बघितलं तर बाबा अजून तिथेच उभे, दगड हातातच.