घोट्यातलं इंजेक्शन नक्की कशाचं?



गुडघेदुखीवर आपण सगळ्याच बोलतो, घोट्यावर कोणी बोलत नाही. गुडघा बहुधा वयाने झिजतो, घोटा मात्र बहुतेकदा जुन्या दुखापतीने. माझा करडीला धुऱ्यावरून घसरून मोडला होता, त्याला वीस वर्षं झाली. आता सामायिक आटोपून उठताना तोच ठणकतो.

भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, "काकू, इंजेक्शन देऊन बघू." एक स्टिरॉइडचं. त्याने सूज उतरते, पण आराम काही आठवडे, फार तर काही महिने. मधुमेह असेल तर साखर काही दिवस वाढते. दुसरं जेलचं, म्हणजे हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं, सांध्याला वंगण मिळावं म्हणून.

मी विचारलं, हे बनतं कशापासून? त्यांनी माहितीपत्रक उघडून पाहिलं. काही कंपन्यांचं जेल कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात, काहींचं जिवाणू वाढवून. जिवाणूही जीवच, पण कोंबडा पंचेंद्रिय! बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो, इंजेक्शनच्या खोक्यावर नसतो. म्हणून तोंडाने विचारायचं, लाजायचं नाही. डॉक्टर रागावत नाहीत.

तिसरं पीआरपी. आपलंच रक्त काढून, फिरवून, त्यातल्या प्लेटलेट्स सांध्यात सोडतात. हिंसेचा प्रश्न नाही, म्हणून मी जवळजवळ तयार झाले होते. पण खर्च ऐकला आणि आतली बी.कॉम. जागी झाली. सुनेने शोधून दिलं: नेदरलँड्समध्ये घोटा झिजलेल्या 100 रुग्णांवर याची चाचणी झाली, 2021 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. काहींना पीआरपी, काहींना नुसतं मिठाचं पाणी, सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा. कोणाला काय दिलं ते रुग्णांना माहीत नव्हतं. 26 आठवड्यांनी दोन्हीकडे सुधारणा जवळजवळ सारखीच! मग मिठाच्या पाण्याला एवढे पैसे कशाला?

तूर्तास घोट्याचा पट्टा, फिजिओथेरपीचे व्यायाम आणि घोट्यापर्यंतचे कापडी बूट (चामडं घरात नाहीच). सामायिक खुर्चीवर बसून. स्टिरॉइडला मी नाही म्हटलेलं नाही. रात्रीची झोप उडाली तर घेईन, आधी साखर तपासून.

हिवाळ्यात मुक्तागिरीला जायचंय. तिथली 52 मंदिरं एका दमात होणार नाहीत. यांना सांगितलंय, दोन दिवसांचा मुक्काम धरा.