उत्तर बिनचूक, प्रश्न निराळा

वादात मी सहसा हरत नाही, अशी आमच्या घरात माझी ख्याती आहे. समोरच्याचे विधान घ्यावे, ताणून टोकास न्यावे आणि तेथील विसंगती दाखवून त्यास निरुत्तर करावे, ही माझी रीत. या कौशल्याचा मला अभिमान होता. तो कसा ओसरला, ते सांगतो.

पुतण्याची मुंज होती. थोरले बंधू तीन वर्षांपूर्वीच निवर्तलेले. सारी व्यवस्था मजकडे. आदल्या रात्री माजघरात मंडळी बसली असता वहिनींनी हलक्या आवाजात विचारले, "भावोजी, उद्या मातृभोजनाला मीच बसले तर चालेल ना?"

मी तत्काळ म्हणालो, "वहिनी, मुंज करतो ती परंपरा म्हणूनच ना? मग तिच्यातला एक नियम मोडावा आणि बाकीचे पाळावे, यास आधार काय? पाळायचे तर सगळे पाळावे. नाही तर मुंजच करू नये." मंडळींनी माना डोलावल्या. वहिनी एवढेच म्हणाल्या, "तुमचं म्हणणं काही मला खोडता यायचं नाही." दुसऱ्या दिवशी मातृभोजनाच्या पाटावर बटूशेजारी माझी पत्नी बसली. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या.

पुढे काही वर्षांनी १८९१ सालच्या संमतिवयाच्या वादाविषयी वाचीत होतो. संमतीचे वय १० वरून १२ वर नेणारा तो कायदा. १८९० साली कलकत्त्यास एक खटला चालला होता. फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या संगाने मरण पावली होती. पण तिचे वय १० हून अधिक, म्हणून पतीवर बलात्काराचा आरोप टिकला नाही. आगरकर, भांडारकर प्रभृती कायद्याच्या बाजूस होते. परक्या सरकारने आमच्या धर्माचारात हात घालू नये, हा टिळकांचा मुख्य आक्षेप. त्याच टिळकांनी मुलींची लग्ने सोळा वर्षांपूर्वी करू नयेत, अशी सूचना स्वतः केली होती, हे विसरून चालणार नाही. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. परंतु 'कायदा कोणी करावा' हा एक प्रश्न आणि 'या मुलीचे रक्षण कसे व्हावे' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कितीही सयुक्तिक असले, तरी त्याने दुसऱ्याचे उत्तर होत नाही.

हे वाचताना मला स्वयंपाकघराचे ते दार आठवले.

गौतमाच्या न्यायसूत्रांत वादात पराभव होण्याची बावीस स्थाने सांगितली आहेत. त्यांपैकी एक 'अर्थांतर', म्हणजे प्रस्तुत विषय सोडून भलतेच बोलणे. वहिनींनी आईच्या जागेविषयी विचारले होते. मी परंपरेच्या अखंडतेवर व्याख्यान दिले. शिवाय ते व्याख्यानही सदोषच. 'सगळे पाळावे किंवा काहीच नको' असे आम्ही कधी वागलो होतो? बटू गुरुगृही कोठे राहतो? सोडमुंजही आम्ही त्याच आठवड्यात उरकली होती. सोयीसाठी इतके नियम सोडले, त्या वेळी तर्क निजला होता. वहिनींनी तोंड उघडताच तो जागा झाला. दोष तर्कशास्त्राचा नव्हे. मी त्याची कसोटी दुसऱ्याच्या विधानास लावली, स्वतःच्या कधी लावलीच नाही.

परवा त्याच पुतण्याच्या लग्नाची यादी करावयास बसलो. धाकटे बंधू म्हणाले, "सीमांतपूजनाला, ओवाळायला वहिनींच्या जागी कोण? रीत पाळायची तर सगळीच पाळावी." माझाच युक्तिवाद माझ्यापुढे आला होता. त्याचे खंडन मजपाशी तयार होते, पण आधी मी वहिनींकडे वळून विचारले, "वहिनी, तुमच्या मनात काय आहे?"

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ओवाळीन म्हणते."

मी यादीत त्यांचे नाव लिहिले.