जोडलं, पण ऐकू आलं का?

हेडफोन 'कनेक्टेड' दिसतो, पण कानात शांतता. विंडोज १० मध्ये अशा वेळी खालच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करावं. बहुतेकदा आवाज संगणकाच्या स्पीकरकडेच जात असतो. यादीत एकच ब्लूटूथ हेडफोन दोनदा दिसतो: 'स्टीरिओ' आणि 'हँड्स-फ्री'. ऐकण्यासाठी स्टीरिओ निवडावा. हँड्स-फ्रीमध्ये माइक चालतो, पण आवाज जुन्या फोनसारखा दबका येतो.

माझ्या उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी हा फरक मोठा आहे. उर्दूत 'ळ' नाही. घरी तो फारसा कानावर पडत नाही. रेकॉर्डिंगमधला 'काळ' त्यांना 'काल' ऐकू आला, तर अर्थच बदलतो. म्हणून हेडफोन जोडला गेला तरी धडा लगेच पुढे नेत नाही. आधी विचारते, "बेटा, काय ऐकू आलं? म्हणून दाखव."