न बोलावयाची गोष्ट

गेल्या माघांत आमच्या भाचीचें डोहाळजेवण पुण्यास झालें. सातवा महिना, हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजविलेला झोपाळा, बर्फी कीं पेढा म्हणून झांकून ठेवलेल्या वाट्या, सारें यथासांग होतें. एका वृद्ध काकूंनीं असा कांहीं उखाणा घेतला कीं, जमलेल्या बायका पोट धरधरून हंसल्या. उत्सवमूर्ति तेवढी हंसली नाहीं. तिनें ओठ घट्ट मिटले, गुडघे एकमेकांस लावले, आणि पुढें ओटी भरावयास उठ म्हटलें तरी ती जागची हालेना. सर्वांस वाटलें, पोर लाजली. आम्हांस तसें वाटलें नाहीं; तें बसणें आमच्या ओळखीचें होतें.

पस्तीस वर्षांपूर्वीं आम्ही एका शाळेंत शिक्षिका होतों आणि पहिल्या खेपेचे दिवस गेले होते. शिंक आली, खोकला आला, जिन्याची पायरी चुकली, कीं थेंब-दोन थेंब गळावयाचेच. पिशवींत वह्यांच्या खालीं एक जादा परकर घडी करून ठेवलेला असे. पाणी कमी प्यालें कीं त्रास कमी होईल, असा शोध आम्हीं स्वतःच लावला आणि त्यापायीं लघवीची जळजळ तेवढी पदरांत पाडून घेतली. एका डॉक्टरांस भीत भीत विचारलें. 'बाळंत झालां कीं आपोआप थांबेल,' एवढेंच उत्तर मिळालें. तें थांबलें नाहीं. त्यानंतर आम्हीं कोणासही विचारलें नाहीं, कोणास सांगितलेंही नाहीं. सख्ख्या बहिणीससुद्धां नाहीं. ही भाची त्याच बहिणीची मुलगी.

पाहुणे गेल्यावर आंतल्या खोलींत आम्हीं तिला आमची हकीकत आधीं सांगितली, तेव्हां कुठें तिला कंठ फुटला. "मावशी, हें आत्तांचंच नाहीं गं. लग्नाआधीं बॅडमिंटन खेळतांनाही व्हायचं. म्हणून तर खेळ सोडला." खेळ अभ्यासासाठीं सोडला, असें आम्ही सर्व इतकीं वर्षें समजत होतों.

लहान मुलानें अंथरूण भिजविलें तर आपण तें कौतुकानें सांगतों. मोठ्या बाईच्या या व्याधीस मात्र घरांत नांवच नाहीं, आणि पुस्तकांत आहे तें 'मूत्र-असंयम'! जणुं त्या बिचारीनें संयम पाळला नाहीं. असला शब्द घडविणाऱ्यास शिंकेच्या वेळीं किती संयम राहतो, तें एकदां पाहावें असें आमच्या मनांत येतें.

वस्तुतः ओटीपोटाच्या तळाशीं, पुढील हाडापासून मागें माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय व गर्भाशय यांस आधार तिचाच. गर्भारपणीं ओझें वाढतें, शरीरांतील अंतःस्रावांनीं आधार देणारे भाग सैलावतात, आणि खोकल्याच्या धक्क्यासरशीं मूत्रमार्ग मिटून धरणें त्या झोळीस जमत नाहीं. मूल न झालेल्या तरुण मुलींतही, विशेषतः उड्या मारण्याच्या खेळांत, हें आढळतें. बद्धकोष्ठ, जुना खोकला व वाढलेलें वजन यांची त्यांत भर. बाळंतपणानंतर तर सुमारें एक-तृतीयांश स्त्रियांस हा त्रास होतो, आणि ज्यांस तो आधींपासून असतो त्यांचा तो पुढें टिकण्याचा संभव अधिक.

आम्ही दोघी एका डॉक्टरीणबाईंकडे गेलों. गळतें तें गर्भजल तर नाहीं ना, लघवींत जंतु नाहींत ना, याची त्यांनीं प्रथम खात्री करून घेतली व मग फिजिओथेरपिस्टकडे धाडलें. उपाय म्हणाल तर इतका साधा कीं राग यावा. लघवी व वायु एकाच वेळीं रोखून धरावयाचे असल्याप्रमाणें ते स्नायु आंत वर ओढावयाचे, श्वास न कोंडतां कांहीं क्षण धरावयाचे, मग पूर्ण सैल सोडावयाचे. प्रत्यक्ष लघवी करतांना मात्र हा अभ्यास करूं नये. इंग्लंडांतील 'नाइस' संस्थेची 2019 ची मार्गदर्शिका निदान 3 महिने, दिवसांतून 3 वेळां, प्रत्येक वेळीं किमान 8 आकुंचनें, असें सांगते. आर्नल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानें या व्यायामावर 1948 सालींच निबंध प्रसिद्ध केला होता. आमच्या योग्यांस मूलबंध त्याच्याही कितीतरी आधींपासून ठाऊक. पण तो योग्यांकरितां, शिंकणाऱ्या गर्भवतीकरितां नव्हे. म्हणजे आमच्या वेळीं हें ज्ञान जगांत होतें, आमच्या वर्गापर्यंत तेवढें आलें नव्हतें.

"तूंही करायचंस," असें भाचीनें बजावलें. या वयांतही उपयोग होतो, असें त्या बाईंनीं सांगितलें होतेंच. तेव्हांपासून संध्याकाळीं आम्ही दोघी गॅलरींत खुर्च्या टाकून, डोळे मिटून, मनांत आंकडे मोजीत बसतों. परवां जांवईबापूंनीं दारांतून डोकावून पाहिलें आणि चपला हळूच काढून ठेवल्या. त्यांस वाटलें, मावशींनीं बायकोस जप दिला आहे.